नागरिकत्व की परतीची वाट? भारतातील तिबेटी निर्वासितांची साडेसहा दशके

हिवाळ्याची चाहूल लागली की पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांची लोकरी कपड्यांची दुकाने ओळीने उभी राहतात. महाराष्ट्रात वाढलेल्या अनेकांनी आपला पहिला स्वेटर अशाच दुकानातून घेतलेला असतो. हे विक्रेते प्रामुख्याने लुधियानाच्या घाऊक बाजारातून माल आणतात, दोन-तीन महिने व्यापार करतात आणि थंडी ओसरली की आपापल्या वसाहतींकडे परततात. आज दुकानावर बसणाऱ्यांपैकी पुष्कळांचा जन्म भारतात झालेला आहे आणि तिबेट त्यांनी कधी पाहिलेला नाही. असे असूनही त्यांच्यापैकी अनेकांकडे भारताचे नागरिकत्व नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचेही नाही.

एकाच देशातील किमान २५ हजार निर्वासित सलग पाच किंवा अधिक वर्षे आश्रयाच्या देशात अडकून पडले असतील, तर संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था त्या स्थितीला 'प्रदीर्घ निर्वासन' म्हणते. अशा स्थितीतून बाहेर पडण्याचे तीन मार्ग मानले जातात : स्वेच्छेने मायदेशी परतणे, आश्रय देणाऱ्या देशात सामावून जाणे, किंवा तिसऱ्या देशात पुनर्वसन होणे. भारतातील तिबेटी समाजापुढे हे तिन्ही मार्ग वेगवेगळ्या काळात, कधी एकाच वेळी, आले. त्यांतील पहिला दीर्घकाळ बंद आहे, दुसरा अर्धवट उघडा आहे आणि तिसरा हळूहळू रुंद होत गेला आहे. आज या समाजात जे बदल दिसतात, त्यांचे मूळ या विषमतेत आहे.

आगमन आणि वसाहती

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथे चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा ल्हासातून निघाले आणि महिनाअखेरीस आजच्या अरुणाचल प्रदेशातून भारतात दाखल झाले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ८० हजार तिबेटी हिमालय ओलांडून भारत, नेपाळ आणि भूतान या देशांत आले. आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथे त्यांच्यासाठी छावण्या उघडण्यात आल्या. उंच, कोरड्या व थंड प्रदेशातून आलेल्या या माणसांना दमट उष्मा आणि साथीचे रोग सोसवले नाहीत. अनेकांना डोंगराळ भागांत रस्तेबांधणीच्या कामावर पाठवण्यात आले.

तात्पुरत्या छावण्यांऐवजी शेतीवर आधारित स्थिर वसाहती उभाराव्यात आणि मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात, या धोरणाला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचा पाठिंबा होता. तिबेटी भाषा व धर्म टिकायचा असेल, तर लोकांना विखरू देता कामा नये, असा दलाई लामांचा आग्रह होता. तत्कालीन म्हैसूर राज्याने बायलकुप्पे येथे जंगलाची जमीन दिली आणि तिथे पहिली मोठी वसाहत उभी राहिली. पुढे मध्य प्रदेशातील, म्हणजे आताच्या छत्तीसगडमधील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड, हुन्सूर व कोळ्ळेगाल अशा वसाहतींची भर पडली.

महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ मध्ये 'नोर्ग्येलिंग' ही वसाहत स्थापन झाली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी व्यवहारात या वसाहतीला अजूनही भंडाऱ्याच्या नावाने ओळखतात. जव आणि याक यांच्यावर जगलेल्या माणसांनी इथे विदर्भाच्या झाडीपट्टीतील धानाची शेती शिकून घेतली.

वसाहतींची ही रचना एका अर्थाने यशस्वी ठरली. ल्हासाजवळचे सेरा, ड्रेपुंग व गांदेन हे तीन महाविहार कर्नाटकात पुन्हा उभे राहिले. धरमशाला येथे केंद्रीय तिबेटी प्रशासन, निर्वासितांची संसद आणि मुलांच्या निवासी शाळांचे जाळे आकाराला आले. मात्र या साऱ्यामागचे गृहीतक तात्पुरत्या मुक्कामाचे होते. जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची राहिली आणि पहिल्या पिढीतील अनेकांनी नागरिकत्वाचा विचारही केला नाही. परतायचे आहे, तर दुसऱ्या देशाचे कागद कशाला काढायचे, ही त्या पिढीची सरळ धारणा होती.

तीन दस्तऐवज

तिबेटी निर्वासिताचे दैनंदिन आयुष्य तीन दस्तऐवजांभोवती फिरते.

नोंदणी प्रमाणपत्र : भारतात वास्तव्य करण्याचा हा मूळ कागद असून त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक मसुद्यावर स्वाक्षरी केलेली नाही. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणूस कायद्याच्या भाषेत 'परकीय' ठरतो. त्याची नोंदणी १९३९ व १९४६ च्या परकीयांविषयीच्या कायद्यांखाली होत असे. हे जुने कायदे रद्द करणारा नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे.

ओळख प्रमाणपत्र : पिवळ्या मुखपृष्ठामुळे 'पिवळी पुस्तिका' म्हणून ओळखला जाणारा हा दस्तऐवज परदेश प्रवासासाठी भारत सरकार देते. पासपोर्टच्या जागी तो वापरला जात असला, तरी प्रत्येक विमानतळावरील अधिकारी त्याच्याशी परिचित असतोच असे नाही. उच्च शिक्षणासाठी किंवा परिषदेसाठी निघालेल्या तरुणाला त्याचे स्वरूप वारंवार समजावून सांगावे लागते.

हरित पुस्तिका : ही भारत सरकार देत नाही. केंद्रीय तिबेटी प्रशासन ती १९७२ पासून देत आले आहे. तिच्यात स्वेच्छेने भरलेल्या वार्षिक वर्गणीची नोंद होते. मतदानाचा हक्क व प्रशासनाच्या शिष्यवृत्त्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. कोणत्याही देशाने मान्यता न दिलेल्या शासनाची ही नागरिक-नोंद आहे.

पहिल्या दोन कागदांच्या आधारे शिकता येते, व्यापार करता येतो, राहता येते. भारतीय निवडणुकीत मतदान करता येत नाही, बहुसंख्य सरकारी नोकऱ्या मिळत नाहीत आणि स्थावर मालमत्ता विकत घेताना अडचणी येतात. बँकेच्या कर्जापासून व्यवसाय परवान्यापर्यंत अनेक ठिकाणी अर्जातील 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी काम अडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वसाहतींच्या जमिनींसाठी २० वर्षांपर्यंतचे भाडेकरार, रोजगार हमी व स्वस्त धान्य यांसारख्या योजनांचा लाभ आणि व्यवसायाची मोकळीक हे त्याचे मुख्य मुद्दे होते. जमीन हा राज्यांचा विषय असल्याने त्याची अंमलबजावणी मात्र राज्यागणिक वेगळी झाली.

१ जुलै १९८७ ची रेषा

सामावून जाण्याचा प्रश्न कायद्याच्या पातळीवर एका तारखेने गुंतागुंतीचा केला आहे. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणत्याही देशाचे असले तरी, जन्माने भारतीय नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी ही अट आणखी कडक झाली : दोन्ही पालक नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

ही रेषा तिबेटी लोकांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली नव्हती. तिच्यामागे मुख्यतः आसाम आणि पूर्व सीमेवरील स्थलांतराचा वाद होता. परिणाम मात्र तिबेटी घरांवरही झाला. तिबेटमधून आलेल्या आईवडिलांच्या पोटी बायलकुप्पेत १९८६ मध्ये जन्मलेला मुलगा कायद्याने भारतीय ठरतो, तर १९८८ मध्ये त्याच घरात जन्मलेली त्याची बहीण ठरत नाही. उलट, १९९५ मध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलीची आई १९६८ मध्ये भारतात जन्मलेली असेल, तर आई नागरिक असल्यामुळे मुलगीही नागरिक ठरते. म्हणजे तिसऱ्या पिढीतील अनेकांचा हक्क त्यांच्या आजी-आजोबांनी सीमा कोणत्या वर्षी ओलांडली आणि त्यांच्या पालकांच्या जन्माची नोंद नीट झाली की नाही, यावर अवलंबून राहतो. सुरुवातीच्या काळात छावणीत किंवा रस्त्याच्या कामावर असताना जन्मलेल्या मुलांचे दाखले अनेकदा काढलेच गेले नव्हते.

वास्तव्याच्या आधारे अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याची तरतूदही कायद्यात आहे, परंतु तिबेटी निर्वासितांसाठी व्यवहारात ती जवळपास बंद राहिली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीनच देशांतून आलेल्या विशिष्ट समुदायांचा समावेश आहे. तिबेटी त्यात नाहीत.

न्यायालयाच्या दारात

कायद्यात हक्क असूनही प्रशासन तो मान्य करीत नव्हते. १९८६ मध्ये भारतात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांचा पासपोर्टचा अर्ज, त्यांच्याकडे निर्वासिताचे कागद आहेत या कारणावरून नाकारण्यात आला. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. निर्वासित म्हणून नोंदणी केल्याने किंवा स्वतःला तिबेटी म्हणवल्याने जन्माने मिळालेले नागरिकत्व नष्ट होत नाही, हा या निकालाचा गाभा होता. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि २०१६ मध्ये पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली. दरम्यान, फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या तिबेटी व्यक्तींची मतदार म्हणून नोंद करण्याचे निर्देश दिले.

मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पात्र तिबेटी अर्जदारांना पासपोर्ट देण्याच्या सूचना काढल्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना अटी जोडण्यात आल्या. अर्जदाराने नोंदणी प्रमाणपत्र व ओळख प्रमाणपत्र परत करावे, तिबेटी वसाहतीत राहू नये आणि केंद्रीय तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडल्याचे लिहून द्यावे, असे त्यांचे स्वरूप होते. या अटींमुळे नागरिकत्वाची खरी किंमत प्रथमच स्पष्टपणे कागदावर उतरली. वसाहतीतील घर, तेथील शाळा, शेजार, विहार आणि वृद्ध आईवडिलांची सोबत एका बाजूला, आणि पासपोर्ट दुसऱ्या बाजूला, अशी निवड अर्जदारापुढे उभी राहिली. जन्माने नागरिक असलेल्या व्यक्तीला अशी निवड करायला लावता येते का, हा प्रश्न कायदेतज्ज्ञांनी उपस्थित केला. घरोघरी मात्र प्रश्न साधा होता : पासपोर्ट घेतला, तर राहायचे कुठे?

समाजातील दोन मते

नागरिकत्वाविषयी तिबेटी समाजात एकवाक्यता नाही. एका मतानुसार निर्वासित असणे हे केवळ दुर्दैव नसून तिबेटच्या प्रश्नाचा जिवंत पुरावा आहे. भारतातील तिबेटी मोठ्या संख्येने भारतीय झाले, तर 'आता निर्वासित उरलेच नाहीत' असे म्हणण्याची संधी चीनला मिळेल. अनेक वृद्धांच्या दृष्टीने दर काही वर्षांनी पोलीस कार्यालयात जाऊन नूतनीकरण करण्याचा त्रास ही त्या साक्षीची किंमत आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधारही या भीतीला आहे : १९५१ च्या करारानुसार नव्या देशाचे नागरिकत्व घेऊन त्याचे संरक्षण मिळाले की निर्वासिताचा दर्जा संपतो.

दुसरे मत प्रामुख्याने भारतात शिकलेल्या तरुणांचे आहे. कायदेशीर असुरक्षिततेने संघर्ष बळकट होत नाही, माणसे मात्र दुर्बळ होतात, असे ते म्हणतात. वकील, परिचारिका, अभियंता किंवा लोकप्रतिनिधी म्हणून भारतात उभा राहिलेला तिबेटी आपल्या समाजासाठी अधिक काही करू शकेल. या मताला निर्वासितांच्या स्वतःच्या घटनेचाही आधार आहे. १९९१ मध्ये स्वीकारलेल्या त्या सनदेनुसार परिस्थितीमुळे अन्य देशाचे नागरिकत्व घ्यावे लागले, तरी आपली कर्तव्ये पार पाडणारी व्यक्ती तिबेटी म्हणूनच गणली जाते. उत्तर अमेरिका व युरोप येथील तिबेटींचे प्रतिनिधी निर्वासित संसदेत बसतात. नागरिकत्व घेणे वा न घेणे हा प्रत्येकाचा वैयक्तिक निर्णय आहे, अशी भूमिका केंद्रीय तिबेटी प्रशासनाने घेतली आहे.

येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेल्या तिबेटी माणसाच्या निष्ठेविषयी समाजात फारसा प्रश्न विचारला जात नाही. भारताचा पासपोर्ट घेणाऱ्याला मात्र तो विचारला जातो, कारण भारत हे संघर्षाचे केंद्र मानले गेले आहे आणि केंद्र सोडणे अधिक खुपते.

परतीचे दार

परतण्याची आशा नेहमीच अशी क्षीण नव्हती. १९७९ पासून बीजिंगशी संवाद सुरू झाला आणि निर्वासितांची शिष्टमंडळे तिबेटमध्ये जाऊन आली. १९८० च्या दशकात काही कुटुंबांची वीस वर्षांनंतर गाठ पडली. स्वातंत्र्याऐवजी चीनच्या चौकटीतच खरी स्वायत्तता मागणारा 'मध्यम मार्ग' दलाई लामांनी याच काळात जगापुढे मांडला. २००२ ते २०१० या काळात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींमध्ये चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यानंतर औपचारिक संवाद थांबला.

२००८ मध्ये तिबेटभर निदर्शने झाली आणि सीमेवरील बंदोबस्त कडक झाला. त्यापूर्वी दरवर्षी दोन ते तीन हजार तिबेटी नेपाळमार्गे भारतात येत असत. नंतर ही संख्या काही शेकड्यांवर आणि पुढे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. याचा अर्थ येणाऱ्यांची वाट बंद झाली एवढाच नाही. तिबेटमधील ताजी भाषा, बातम्या आणि नातेसंबंध घेऊन येणारा प्रवाहही आटला. आज भारतात जन्मलेला तरुण 'परत जाणे' असे म्हणतो, तेव्हा तो कधीही न पाहिलेल्या ठिकाणी जाण्याविषयी बोलत असतो. दलाई लामांनी ६ जुलै २०२५ रोजी वयाची ९० वर्षे पूर्ण केली. आपली परंपरा पुढे चालू राहील, असे त्यांनी त्याआधी काही दिवस जाहीर केले. तरीही त्यांच्या पश्चात परतीचा प्रश्न कोण आणि कसा मांडणार, ही चिंता वसाहतींत आहे.

परदेशस्थ मराठी माणसाच्या आणि तिबेटी माणसाच्या परिस्थितीतील फरक इथे लक्षात येतो. अमेरिकी वा ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या मराठी कुटुंबाला ओसीआय कार्डाच्या आधारे गावी जाता येते, वाड्याची डागडुजी करता येते, गणपतीला घरी पोहोचता येते. त्याचा निर्णय सोयीचा आणि भावनेचा असतो. परतीची वाट खुली असते. परदेशी पासपोर्ट असलेल्या तिबेटी माणसालाही चीनचा व्हिसा व तिबेटसाठी वेगळी परवानगी लागते आणि ती मिळेलच याची खात्री नसते. अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या तिबेट प्रवेशविषयक कायद्यामागे हीच तक्रार होती.

तिसऱ्या देशाकडे

पहिले दार बंद आणि दुसरे अर्धवट उघडे असताना माणसे तिसऱ्या दाराकडे वळली. स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकातच तिबेटी निर्वासितांना प्रवेश दिला. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्यात भारत व नेपाळमधील एक हजार तिबेटी व्यक्तींना व्हिसा देण्याची तरतूद झाली. पाठोपाठ त्यांची कुटुंबे गेली. न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग आणि टोरोंटोचा पार्कडेल परिसर ही आज तिबेटी जीवनाची मोठी केंद्रे आहेत. केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या जनगणनेत निर्वासित तिबेटींची एकूण संख्या १,२७,९३५ आणि भारतातील संख्या ९४,२०३ होती. त्यानंतर भारतातील संख्या घटत गेली आहे.

वसाहतींत हा बदल सहज जाणवतो. तरुण शहरांत किंवा परदेशांत असतात. शेती स्थानिक मजुरांकडून करून घेतली जाते किंवा खंडाने दिली जाते. पटसंख्या घटल्याने शाळा एकत्र कराव्या लागतात. मागे राहिलेल्या वृद्धांचे दिवस परदेशातून येणाऱ्या पैशांवर आणि दूरध्वनीवर जातात. महाराष्ट्रातील असंख्य गावांनाही हे चित्र अनोळखी नाही.

श्रीलंकन तमिळांचा अनुभव

परतीची वाट उघडली, तर प्रश्न आपोआप सुटतो का? भारतातीलच दुसरे उदाहरण याबाबत सावध करते. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांसाठी तमिळनाडूत शंभरहून अधिक छावण्या उभ्या राहिल्या. २००९ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने काही हजार लोक परतले. तरीही पन्नास हजारांहून अधिक माणसे छावण्यांतच राहिली. त्यांच्या जमिनी गेल्या होत्या, मुले तमिळनाडूत शिकत होती, आणि अनेकांच्या मुलांनी श्रीलंका पाहिलेलीच नव्हती. चार दशकांत घर कोणते, याचे उत्तर बदललेले असते.

निष्कर्ष

सामावून जाणे आणि परतणे यांची मांडणी परस्परविरोधी पर्याय म्हणून केली जाते. तिबेटी समाजाचा अनुभव ही मांडणी अपुरी असल्याचे दाखवतो. भारतात पूर्ण स्थान न मिळाल्यामुळे कोणी तिबेटला परतले नाही. ते टोरोंटोला आणि न्यूयॉर्कला गेले. परतीसाठी राखलेली भाषा, विहार आणि शाळा ज्या वसाहतींवर उभ्या आहेत, त्या वसाहतीच या प्रवाहात रिकाम्या होत आहेत. वसाहतीतील घर न सोडता नागरिकत्व मिळू शकले, तर भारतात राहूनही तिबेटी असण्याचा मार्ग खुला राहतो. कायद्याने काही पिढ्यांना हा हक्क दिलेलाच आहे आणि न्यायालयांनी तो मान्य केला आहे. उरलेल्यांसाठी धोरणाचा निर्णय सरकारला घ्यायचा आहे. गोठणगावच्या धानाच्या शेतांत आणि बायलकुप्पेच्या विहारांत पुढच्या पिढीतील किती जण राहतील, हे बऱ्याच अंशी त्या निर्णयावर ठरेल.